बैसाणे बाईंची परीक्षा

फोन आला तेव्हा मी जळगावला मुलीकडे होतो. दुपारची जेवणं आटोपली होती, नातू शाळेतून यायचा होता आणि मी गॅलरीत खुर्ची टाकून पेपर चाळत होतो. फोन खैरनारचा, आमच्या जुन्या शाळेतल्या शिक्षकाचा. एरवी तो "सर, काय म्हणताय?" असं म्हणून सुरुवात करतो. त्या दिवशी नुसतं "सर..." म्हणाला आणि थांबला. मग म्हणाला, "बैसाणे बाई गेल्या. आज सकाळी. भडगावला, भावाच्या घरी." मी विचारलं, "कुठल्या बैसाणे बाई?" विचारताना मला ठाऊक होतं, कुठल्या. आमच्या ओळखीत त्या नावाची दुसरी बाई नव्हती. पण अशा वेळी माणूस काहीतरी विचारतो, तेवढाच वेळ मिळतो.

अंत्यविधीला पोचणं झालं नाही. सातव्या दिवशी जलदान विधीला गेलो. गिरणेच्या काठापासून जवळच त्यांच्या भावाचं, नानांचं घर आहे. दारात मांडव घातला होता. वंदना झाली, मग एकेक जण उठून बोलू लागला. कोणी त्यांना सेवाभावी म्हटलं, कोणी कर्तव्यदक्ष, कोणी दिव्यांगांची माउली. बाई असत्या तर "माउली" ऐकून उठून आत गेल्या असत्या. नाना माझ्याजवळ आले. "सर, तुम्ही त्यांच्याबरोबर काम केलंय. दोन शब्द बोला." मी उभा राहिलो, खरोखर दोनच शब्द बोललो आणि बसलो. जे बोलायला हवं होतं ते त्या मांडवात बोलण्यासारखं नव्हतं. आता दीड-दोन महिने होत आले... तेच इथे लिहितो आहे.

प्रमिला बैसाणे विशेष शिक्षिका होत्या, कंत्राटी. ज्या मुलांच्या बुद्धीची वाढ वयाच्या मानाने फार मागे राहिलेली असते, ज्यांना बोलता, लिहिता, कधी कधी नीट बसताही येत नाही, अशी मुलं गावोगावच्या साध्या शाळांच्या पटावर असतात. त्यांना शिकवायला आणि त्यांच्या शिक्षकांना सांगायला शिंदखेडा तालुक्यात ज्या थोड्या जणांना नेमलं होतं, त्यांत या एक. राहायच्या धुळ्याला, एका भाड्याच्या खोलीत. एस.टी.ने यायच्या, आमच्या फाट्यावर उतरायच्या आणि तिथून अर्धा-पाऊण तास चालत शाळेत. कंडक्टर फाट्यावर गाडी थांबवायला कुरकुर करायचे, तेव्हा बाई दारात उभ्या राहून त्यांना त्यांचाच नियम ऐकवायच्या. पुढे पुढे गाडी न सांगताच थांबायला लागली. उंची बेताची, चालणं भरभर आणि स्वभाव रागीट. हो, रागीट होत्या. माणूस गेला की त्याला शांत आणि सोशिक करून टाकायची आपल्याला सवय आहे, म्हणून मुद्दाम लिहितो. आमच्या एका नव्या शिक्षिकेने एकदा वर्गातल्या अशाच एका मुलीला "ती वेडी" म्हटलं, तर बाईंनी तिला सगळ्या वर्गासमोर असं झाडलं की ती पोरगी दोन दिवस रजेवर गेली. मी म्हटलं, "बाई, जरा बेताने." त्या म्हणाल्या, "बेतानेच बोलले."

जिला 'वेडी' म्हटलं, ती मुलगी म्हणजे वैशू. नाव बदललं आहे, आणि गावाचं नाव मी लिहीत नाही. सातवीत होती, तेरा वर्षांची. उजवा हात आखडलेला, चालताना एक पाय ओढायची, आणि बोलायला पंधरा-वीस शब्द, तेही तिच्या आईला, इंदूबाईंनाच कळणारे. शेवटच्या बाकावर भिंतीला टेकून बसायची, खिचडी खाऊन झाली की झोपायची. आम्ही तिला कधी मारलं नाही, कधी हाकललं नाही. आम्हाला वाटायचं, एवढं केलं म्हणजे पुष्कळ झालं. मी तिथे मुख्याध्यापक होतो. बाई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांच्यापुढे चहा ठेवला. तो त्यांनी बाजूला सारला आणि वैशूच्या मागच्या परीक्षेचे पेपर मागितले. प्रगतिपत्रकावर तिला सगळ्या विषयांत 'ब' श्रेणी होती. पेपर काढून दिले. मराठीच्या पेपरात 'माझा आवडता ऋतू' असा निबंध होता, दीड पान, वळणदार अक्षरात. बाईंनी तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. घाई केली नाही. मग घडी घालून माझ्यापुढे ठेवला.

"निबंध छान आहे सर. कोणी लिहिलाय?"

मी म्हटलं, "बाई, सगळीकडे असंच करतात. नापास तर कोणालाच करायचं नाहीये. मग पोरीचं पान कोरं कशाला ठेवायचं?"

"कोरं ठेवलं असतं तर बरं झालं असतं," त्या म्हणाल्या. "निदान कोरं आहे हे तरी कोणाला दिसलं असतं. सात वर्षं शाळेत येतेय ती. तिला काय येतं, हे तुमच्या एकाही कागदावर नाही."

मला राग आला. एक कंत्राटी बाई मला माझ्याच खुर्चीपुढे बसून सुनावते आहे, असं वाटलं. मग मी नेहमीचं बोललो, की अशा मुलांना सवलती आहेत, जादा वेळ आहे, लेखनिक घेता येतो, तसं करू. त्या म्हणाल्या, "जिला प्रश्नच कळत नाही, तिला लेखनिक देऊन काय करणार? लेखनिकच पास होईल. सवलत नको सर, परीक्षाच वेगळी हवी. धडा वर्गाचाच, पण प्रश्न तिला पोचेल असा."

त्यानंतर जवळजवळ महिनाभर त्यांनी परीक्षा घेतलीच नाही. नुसत्या वैशूबरोबर बसायच्या, तिच्याबरोबर घरी जायच्या, एकदा तिच्या आईसोबत बाजारात गेल्या. काय बघत होत्या ते मला कळत नव्हतं. एक दिवस म्हणाल्या, "सर, तिला आपली भाषाच कळत नाही. आपण 'पाणी कुठे आहे' विचारतो. तिच्या घरात 'पाणी कोठे शे' म्हणतात." इतकी साधी गोष्ट! मी त्याच जिल्ह्यात तीस वर्षं नोकरी केली होती. बाई स्वतः भडगावच्या, त्यांची अहिराणी थोडी वेगळी, पण वैशू त्यांच्या तोंडाकडे बघू लागली ती तेव्हापासून.

मग परीक्षा सुरू झाली. एका दिवसात नाही, रोज थोडी, दहा-बारा दिवस. त्यासाठी बाई रोज येत होत्या. विज्ञानात पदार्थाच्या अवस्थांचा धडा चालू होता, तर शाळेच्या फाटकाशी बर्फाचा गोळा विकणाऱ्याकडून त्यांनी बर्फाचा खडा आणला आणि वैशूच्या डाव्या हातावर ठेवला. वैशू हसली, मग कण्हली, पण सोडला नाही. बर्फ विरघळून गेला. बाईंनी विचारलं, "वैशू, बर्फ कोठे गया?" वैशूने हात उलटा केला, बाकाखाली वाकून बघितलं, बाईंची पिशवी उघडून बघितली. मुलं हसायला लागली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागदावर लिहिलं, 'बर्फ गेला हे कळतं. त्याचं पाणी झालं हे अजून नाही.' गणितात ताटल्या वाटायला लावल्या, एका मुलाला एक. मराठीच्या तासाला हरवलेल्या शेळीची एक गोष्ट सांगितली आणि दोन चित्रं पुढे ठेवली. शेळी शेवटी कुठे सापडली? एका चित्रात झाडाखाली, एकात विहिरीजवळ. त्या दिवशी मी शेजारी बसलो होतो. प्रश्न विचारून बाई गप्प बसल्या. वैशू खिडकीकडे बघत होती. एक मिनिट गेलं, दोन गेली. मी हळूच म्हटलं, "बाई, नाही कळलं तिला, पुढचं घ्या." त्यांनी माझ्याकडे न बघता नुसता हात वर केला. आणखी बराच वेळ गेला. मग वैशूचा डावा हात बाकावरून सरकत सरकत आला आणि झाडाखालच्या चित्रावर पडला. बरोबर होतं.

मी खूश झालो. "लिहा, आलं तिला!" बाई म्हणाल्या, "डाव्या बाजूचं चित्र होतं, हात पण डावाच आहे. उद्या बाजू बदलून विचारते." दुसऱ्या दिवशी विचारलं तर वैशूने विहिरीवर हात ठेवला. तिसऱ्या दिवशी बाजू तशाच ठेवल्या, तर झाडावर. कागदावर बाईंनी लिहिलं, 'तीनपैकी दोनदा.' मी म्हटलं, "अहो, बरोबर म्हणून टाका की." त्या म्हणाल्या, "मग तुमच्या निबंधात आणि माझ्या कागदात फरक काय राहिला?"

त्या कागदावर वीस गोष्टी होत्या आणि चार रकाने. स्वतः करते, दाखवल्यावर करते, हात धरल्यावर करते, आणि चौथा 'अजून नाही'. 'येत नाही' असा शब्द त्यांनी वापरला नव्हता. वैशूला सहा गोष्टी स्वतः येत होत्या, पाच मदतीने, आणि नऊ 'अजून नाही'च्या रकान्यात होत्या. तो कागद ऐकायला इंदूबाई मजुरीचा दिवस पाडून शाळेत आल्या. डोक्यावरचा पदर सावरत उभ्याच राहिल्या, खुर्चीवर बसल्या नाहीत. "बाई, तुम्ही मन्ही पोरनी परीक्षा लिधी?" त्यांना ते खरंच वाटत नव्हतं. मग घाबरत विचारलं, "पास व्हयनी का?" बाई म्हणाल्या, "पास-नापास नही अक्का. तिले काय काय येस ते पाह्यं." आणि एकेक सांगत गेल्या. ताटल्या वाटण्याचं ऐकून इंदूबाई म्हणाल्या, "हाई तं घर बी करस!" आणि रडायला लागल्या. सात वर्षांत शाळेने त्या बाईला तिच्या मुलीबद्दल सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट होती.

इथपर्यंत मी ही हकिगत बऱ्याच जणांना सांगितली आहे. पुढची कोणाला सांगितलेली नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर तपासणीला एक साहेब आले. वैशूची फाइल बघताना त्यांना बाईंचा कागद दिसला. ते म्हणाले, "सातवीच्या मुलीला ताटल्या वाटता येतात, हे तुम्ही लेखी देता? असले कागद वर पाठवू नका मुख्याध्यापक. काहीतरी बघा." एवढंच. चहा पिऊन निघून गेले. 'काहीतरी बघा' म्हणजे जुन्यासारखी 'ब' श्रेणी द्या, इतकाच त्याचा अर्थ होता, आणि ते मला कळलं होतं. पण मला तेव्हा दुसरंच सुचलं. वैशूचे कपडे वर्गात खराब व्हायचे, तिला न्यायला-आणायला आया नव्हती, दोन पालकांनी तक्रार केली होती, आणि शाळेच्या श्रेणीसाठी मोठी तपासणी व्हायची होती. बाईंशी तिच्यावरून रोज वाद घालायचा मला कंटाळा आला होता, हेही खरं. मी वैशूला गृहाधारित शिक्षणात टाकण्याचा प्रस्ताव लिहिला. म्हणजे शाळेत यायचं नाही, शिक्षकाने घरी जाऊन शिकवायचं. 'सदर विद्यार्थिनी शाळेत शिक्षण घेण्यास असमर्थ आहे' हे वाक्य माझं. कोणी सांगितलेलं नाही, माझ्या हातचं. आणि पुरावा म्हणून सोबत बाईंचाच कागद जोडला, 'अजून नाही'च्या त्या नऊ ओळी लाल शाईने अधोरेखित करून. इंदूबाईंना सांगितलं, "आता बाई घरीच येतील शिकवायला, पोरीचे हाल होणार नाहीत." त्यांनी सही केली. मुख्याध्यापक सांगतो म्हणजे चांगलंच असणार.

बाई पुढच्या खेपेला आल्या तर बाक रिकामा. त्या ऑफिसात आल्या, उभ्याच राहिल्या. मी प्रस्तावाची प्रत पुढे केली. त्यांनी ते वाक्य वाचलं, लाल रेघा बघितल्या. त्यांचा चेहरा एकदम लहान झाला, असं मला आठवतं. आता त्या मला झाडतील म्हणून मी वाट बघत होतो. पण त्यांनी विचारलं, "साहेबांनी लिहायला लावलं?" मी मान हलवली. ती हो अशी होती की नाही अशी, हे मला आजही शपथेवर सांगता येणार नाही. त्यांनी ती 'हो' अशी घेतली, आणि मी घेऊ दिली.

घरी जाऊन शिकवायचं म्हणजे बाईंनीच. पण त्यांच्या वाटणीला इतकी गावं होती की वैशूकडे पंधरा दिवसांतून एकदा जाणं व्हायचं. आईबाप मजुरीवर, धाकटी बहीण शाळेत. वैशू दिवसभर घरात एकटी, बाहेरून कडी. वर्षाने बाईंनी तीच परीक्षा पुन्हा घेतली आणि कागद आणून माझ्या टेबलावर ठेवला. "गेल्या वर्षी सहा होत्या सर. आता दोन." ताटल्या वाटणं ती विसरली होती. वाटायला समोर माणसंच नव्हती. मला वाटलं, आता तरी चिडतील. त्या चिडल्या नाहीत, आणि त्यांचा तो शांतपणा मला जास्त लागला. म्हणाल्या, "कागद मी लिहिला. मी नऊ ठिकाणी 'अजून नाही' लिहिलं नसतं तर त्यांच्या हातात काय होतं? तुमच्या त्या खोट्या निबंधाने पोर वर्गात राहिली होती. माझ्या खऱ्या कागदाने बाहेर गेली."

त्यांनी खरं लिहायचं सोडलं नाही. पण तेव्हापासून त्या प्रत्येक मुलाच्या कागदाला आणखी एक पान जोडू लागल्या. या मुलाशी वर्गात दिवसातून किती जण बोलतात? त्याच्या घरच्या भाषेत कोणी बोलतं का? त्याला संडासला कोण नेतं? शिक्षक त्याच्याजवळ आठवड्यातून किती वेळ बसले? त्याही रकान्यांत 'स्वतः', 'सांगितल्यावर' आणि 'अजून नाही' असंच. म्हणजे परीक्षा शाळेची. नमुन्यात हे पान नसल्यामुळे तालुक्याहून ते परत यायचं. बाई पुढच्या वेळी पुन्हा जोडायच्या. एका बैठकीत कोणीतरी हसून म्हणालं, "बैसाणे मॅडम आपलेच मार्क काढतात." त्या म्हणाल्या, "काढते ना. आणि तुम्ही सगळे काठावर आहात."

माझ्या मागे त्यांनी एकच लकडा लावला होता, वैशूला परत आणा. पण आमची शाळा सातवीपर्यंत. पुढच्या गावच्या हायस्कुलात मी बाईंबरोबर गेलो. तिथल्या मुख्याध्यापकांनी आम्हाला मान दिला, दहावीच्या निकालाची अडचण सांगितली आणि फाटकापर्यंत सोडायला आले. शेवटी मी एक केलं. वैशूने रोज खिचडीच्या वेळेला आमच्याकडे यावं, दोन तास बसावं, पटावर नाव नसताना. नियमात बसत नव्हतं. बाईंनी त्याबद्दल माझे आभार मानले, आणि ते ऐकताना मला मान वर करता आली नाही. माझ्या निवृत्तीच्या वर्षी त्यांनी वैशूची पुन्हा परीक्षा घेतली, कोणी मागितलेली नसताना, वहीच्या कागदावर. आठ गोष्टी स्वतः येत होत्या. ताटल्या परत आल्या होत्या. बाई म्हणाल्या, "शिक्का मारा सर." मी म्हटलं, "ती आपली विद्यार्थिनीच नाही, शिक्का कसा मारू?" त्यांनी शिक्क्याची डबी माझ्यापुढे सरकवली. मी मारला. तो कागद इंदूबाईंनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून भिंतीतल्या देवळीत ठेवला.

मी निवृत्त झालो, धुळ्याला आलो. नव्या मुख्याध्यापकांनी पटाबाहेरची मुलगी बसवायला नकार दिला, आणि त्यांचं नियमाने बरोबर होतं. बाई कधी बाजारात, कधी बसस्टँडवर भेटायच्या. वैशूचं मी विचारत नसे. त्याही आपणहून सांगत नसत.

यंदा त्यांच्या पोटाचं दुखणं निघालं, आणि निघालं तेव्हा उशीर झाला होता. नानांनी त्यांना भडगावला नेलं, त्याआधी धुळ्याच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो. दुपारची वेळ, नाना औषधं आणायला खाली गेलेले. बाई इतक्या वाळल्या होत्या की उशीवर नुसता चेहरा ठेवल्यासारखा दिसत होता. इकडचं-तिकडचं झालं. मग म्हणाल्या, "सर, एक विचारू? ... वैशूच्या कागदावर मी खोटं लिहायला हवं होतं का? आता पडल्या पडल्या तेच डोक्यात येतं. साहेबांना मीच हत्यार दिलं."

खोलीत तिसरं कोणी नव्हतं. मला एकच वाक्य बोलायचं होतं. साहेबांनी नाही बाई, मी. तुमचा कागद नसता तर मी दुसरं काहीतरी जोडलं असतं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "तुम्ही बरोबरच केलंत." त्या म्हणाल्या, "हे मला बरं वाटावं म्हणून म्हणताय." मी म्हटलं, "नाही, नाही." त्यांनी डोळे मिटून घेतले. मी आणलेली मोसंबी सोलून, फोडी वेगळ्या करून बशीत ठेवल्या आणि निघालो. तीन आठवड्यांनी त्या गेल्या. आयुष्यभर खरं लिहिलेली बाई, आपण खरं लिहिलं हेच चुकलं का, असं म्हणत गेली. आणि ज्याला ते चुकलं नव्हतं हे ठाऊक होतं, तो समोर बसून फळ सोलत होता.

जलदान विधीनंतर आठवड्याभराने मला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. इंदूबाई. खैरनारकडून माझा नंबर घेतला होता. "सर, बाईसना फोन लागत नही. बऱ्या शेतस ना?" तेव्हा मला कळलं की बाई इतकी वर्षं त्यांच्याकडे जातच होत्या. वैशू अठरा वर्षांची झाली, योजनेतून तिचं नाव उतरलं, तरी दर गुरुवारी, आपल्या वेळात, दुखणं वाढेपर्यंत. मी इंदूबाईंना सांगितलं. कधी, कुठे ते त्यांनी विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "मी वैशूले कसं सांगू? तुम्ही या सर. तुम्ही तिना मास्तर शेतस."

मी गेलो तो गुरुवार होता, हे मी ठरवून केलेलं नाही. वैशू आता बावीस-तेवीस वर्षांची बाई आहे. केसांत पांढरी रिबीन, वेणी घट्ट, अंगावर धुतलेला गाऊन. मला ओळखलं की नाही, माहीत नाही. मी मोबाइलमधला बाईंचा फोटो काढून तिच्यापुढे धरला. ती म्हणाली, "बाई." स्पष्ट म्हणाली. आणि माझ्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे बघितलं. मी माझ्या मोडक्या अहिराणीत म्हटलं, "बाई आते नही शे, वैशू." ती माझ्याकडे बघत राहिली. मग पाय ओढत आत गेली आणि डाव्या हाताने एक गुंडाळलेली चटई घेऊन आली. दारातल्या सावलीत पसरली, तिच्या एका टोकाला स्वतः बसली आणि दुसऱ्या टोकावर हात आपटला. इंदूबाई म्हणाल्या, "दर गुरुवारले हाई आसंच करस. दोन महिना व्हयी ग्यात."

मी बसलो. जवळ काहीच नव्हतं. खिशातून पेन, रुमाल, चष्म्याची डबी काढून चटईवर मांडली आणि एकेक विचारलं. तिने काही दिलं, काही दिलं नाही. मला थांबता येत नव्हतं, प्रश्न विचारला की मीच उत्तराकडे हात न्यायचो. विचारण्यासारखं संपलं तरी ती बसून राहिली. उठताना इंदूबाईंनी विचारलं, "पुढला गुरुवारले येशात का सर?" मी हो म्हटलं. प्रस्तावाचं मी त्यांना तेव्हाही बोललो नाही.

पुढच्या गुरुवारी मी गेलो. वाटी, चमचा, कांदा, बटाटा असं घरातून घेऊन गेलो, तासभर बसलो. त्याच्या पुढच्या गुरुवारी गेलो नाही. ऊन फार होतं, फाट्यापासून चालायचं जिवावर आलं. इंदूबाईंना फोन करून सांगितलं की दाढ दुखते आहे. दुखत नव्हती. संध्याकाळी त्यांचाच फोन आला, दाढेचं विचारायला. लवंग धरा म्हणाल्या. मग म्हणाल्या, "सर, पोरनी चटई आजून उचलू दिधी नही."